तुमचे प्रश्न : समुद्राचा वास किती तास?

(दुबईच्या देरा भागात एकवीस वर्षं परफ्यूमच्या दुकानात काउंटर सांभाळून आता दापोलीला परतलेले आमचे सदरलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी सत्तावीस वर्षांचा, राहणार पनवेल, औषध कंपनीत एमआर आहे. दिवसभर बाइकवर, नाहीतर दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर. मला समुद्रासारखा, पाण्यासारखा ताजा वास आवडतो. मागच्या वर्षी एका मोठ्या विदेशी ब्रँडची छोटी बाटली साडेचार हजारांना घेतली. सकाळी नऊला मारली की अकराला माझं मलाच काही येत नाही. मित्र म्हणतात अरबी घे, स्वस्त पडतं आणि दिवसभर टिकतं. पण ऊदसारखे (अगरूच्या लाकडाचे) भारी वास मला सोसत नाहीत. बजेट तीन हजार, फार तर साडेतीन. पुढच्या महिन्यात मावसभाऊ शारजाहून येतोय. त्याला काय आणायला सांगू?

उत्तर : अरे-तुरे करतो, चालेल ना? माझा थोरला तुझ्याहून मोठा आहे.

घाई असेल तर मावसभावाला एवढंच कळव : रसासी कंपनीची 'हवास', पुरुषांची, १०० मिली. घाई नसेल तर बस जरा, कारण तुझ्या प्रश्नात माझी एक जुनी चूक दडलेली आहे.

१९९६ची गोष्ट. देऱ्यात दुकानावर लागून मला दोन वर्षं झाली होती. पगार बेताचा, वर विकलेल्या बाटलीमागे थोडं कमिशन. गुहागरकडचा एक पोरगा आला. बांधकामावर सुतारकाम करायचा, पहिल्यांदाच सुट्टीवर गावी निघालेला. म्हणाला, "भाऊ, समुद्रासारखं काहीतरी द्या." तेव्हा निळ्या-पांढऱ्या बाटल्यांचा नुसता ऊत आला होता. मी एसी दुकानात त्याच्या मनगटावर एक फवारा मारला, पोराचा चेहरा खुलला, मी पैसे गल्ल्यात टाकले. रात्री नऊला तो परत दारात. बाटली एका हातात, दुसरं मनगट माझ्या नाकापुढे. "भाऊ, वास कुठं गेला?" मनगटाला लाकडाच्या भुशाचा आणि घामाचा वास येत होता, बाकी काही नाही. सील फोडलेली बाटली मालक परत घेत नसे. मी त्याला समोरच्या कॅफेटेरियात नेऊन सुलेमानी चहा पाजला. दुसरं करणार काय?

विकायचं कसं हे मला मालकाने शिकवलं होतं. घ्यायचं कसं हे एका गिऱ्हाइकाने शिकवलं. अजमानचा म्हातारा, अंगात पांढरी कंदुरा म्हणजे अरबी पायघोळ झगा, हातात तसबी. देऱ्यातली दुकानं दुपारी बंद होऊन चारला उघडायची, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक बऱ्याचदा हाच असायचा. यायचा, एक वास पसंत करायचा, उजव्या मनगटावर एकच फवारा घ्यायचा आणि निघून जायचा. मला पहिल्यांदा वाटलं, फुकट्या आहे. पण आठ-साडेआठला, नमाज-बिमाज आटपून, बाजार हिंडून, गाडीत बसून, घाम येऊन-वाळून तो परत यायचा. काउंटरला टेकायचा, मनगट नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा. पसंत पडलं तर म्हणायचा, "थाबित." नाही पडलं तर नुसता जिभेने टक् असा आवाज. त्याच्या टक् झालेल्या बाटल्या मी मनात नोंदवून ठेवू लागलो. पुढे त्याच बाटल्यांच्या तक्रारी यायच्या.

अरबी गिऱ्हाईक दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतं. एक 'थबात', म्हणजे किती टिकतो. दुसरी 'फवहान', म्हणजे किती लांब पसरतो. आपल्याकडे दोन्हीला आपण 'स्ट्राँग' म्हणून मोकळे होतो. थाबित म्हणजे पक्का, जागचा न हललेला. आपला 'शाबूत' याच घराण्यातला. तुला पाहिजे थबात. फवहान तुझ्या धंद्याला फार नको. डॉक्टरच्या केबिनमध्ये तुझ्याआधी दम्याचा पेशंट बसून गेलेला असतो, हे विसरू नकोस.

आता तुझी साडेचार हजारांची बाटली अकराला कुठे जाते? ताजेपणा ज्यांच्यातून येतो ते लिंबू, बर्गमॉट, संत्र्याच्या सालीचे वास मुळातच उडते. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यांच्या पाठीमागे 'डायहायड्रोमिरसेनॉल' नावाचं एक रसायन असतं. नाव जाऊ दे. इस्त्रीच्या दुकानात धुतलेल्या कपड्यांना जो स्वच्छ, जरा धारदार वास येतो, तो डोळ्यांसमोर आण. निळ्या बाटलीतल्या निम्म्या वासांचा कणा हाच आहे. तो अजून तास-दोन तास काढतो. आणि समुद्र? तू औषधवाला म्हणून मुद्दाम सांगतो : समुद्राचा वास औषध कंपनीतून आलेला आहे. १९६६मध्ये फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती 'कॅलोन' लागलं. कलिंगडाच्या पांढऱ्या भागासारखा, ओल्या वाऱ्यासारखा वास. वीसेक वर्षं त्याचं कोणाला फारसं काही पडलं नव्हतं. १९८८मध्ये अरामिसच्या 'न्यू वेस्ट'मध्ये ते टक्का-सव्वा टक्का घातलं आणि लोकांना नवल वाटलं. त्याच वर्षी डेव्हिडॉफची 'कूल वॉटर' आली, १९९६मध्ये अरमानीची 'आक्वा दी जिओ', आणि मग जगातल्या सगळ्या पुरुषांना समुद्रच पाहिजे झाला.

गंमत म्हणजे कॅलोन स्वतः चांगलं चिवट असतं. पण एवढं दणकट, की चिमूटभरच घालता येतं. त्याच्या आजूबाजूचं लिंबू उडालं आणि खाली आधाराला काही नसलं, तर कापून ठेवलेल्या शिळ्या कलिंगडासारखं वाटू लागतं. म्हणून समुद्री वास टिकवायचा तर खाली बूड भक्कम पाहिजे. वास बांधणारा तिथे पैसे वाचवतो की खर्च करतो, हे दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही. रात्री आठला कळतं.

(खऱ्या समुद्राचा वास यात कुठेच नाही, हे मी दापोलीकर म्हणून नोंदवून ठेवतो. संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला उभा राहा, म्हणजे समुद्र कशाला म्हणतात ते कळेल. तो वास कोणी बाटलीत भरला तर आमची हीच एकटी विकत घेईल.)

अरबी घराण्यांचा जोर बुडावर असतो, कारण त्यांची परंपराच तिथली. ऊद, कस्तुरी, केशर, गुलाब, आणि अंबर. अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणारा खडा. अरबांचा समुद्री वास म्हणाल तर तो हा. खारा, उबदार, थोडा कातड्यासारखा. आता खरा अंबर तुझ्या-माझ्या बाटलीत नसतो. त्याच्या जागी 'अँब्रॉक्सन' येतं, जे 'क्लेरी सेज' नावाच्या झुडपातल्या द्रव्यापासून बनवतात. कागदाच्या पट्टीवर मारून ठेवलं तर ते दिवसचे दिवस हलत नाही. पश्चिमेकडचा उडता समुद्र वर आणि अंबराच्या जातीचं बूड खाली, अशी सोयरीक गेल्या दहा-बारा वर्षांत दुबईच्या कंपन्यांनी जमवली. म्हणून तुझे मित्र म्हणतात ते खोटं नाही. पण अरबी म्हणजे सगळं टिकतं असंही नाही. दोन तासांत पाठ दाखवणाऱ्या अरबी बाटल्याही मी पोत्याने विकल्यात.

हवासकडे येतो. ही २०१५ची. रसासी कंपनी १९७९मध्ये दुबईत अब्दुल रज्जाक कालसेकर यांनी काढली. आडनाव वाचून थांबलास ना? नवीन पनवेलला त्यांच्या नावाचं पॉलिटेक्निक आहे, बाइकवरून जाताना पाटी पाहिली असशील. आणि 'हवास' हा अरबी शब्द तर तुझ्या आजीच्या तोंडात आहे. हवस म्हणजे वेड, ओढ, नाद. तोच मराठीत येऊन 'हौस' झाला. कंपनीने बाटलीवर हौसच लिहिली आहे असं समज.

वास कसा? पहिल्या फवाऱ्याला सफरचंद आणि लिंबू, त्यामागे जराशी दालचिनी. पाच-दहा मिनिटं तो गोडसर वाटतो. काहींना लहानपणीच्या बबलगमची आठवण येते, मलाही आली होती. इथेच पुष्कळ जण नाक मुरडून बाटली खाली ठेवतात. ठेवू नकोस. पंधराव्या मिनिटाला पाणी वर येतं. आलुबुखार, वेलची, ओलसर गारवा. आणि तीन-चार तासांनी उरतं ते अंबर, कस्तुरी, भिजून वाळलेलं लाकूड. माझ्या कातडीवर मे महिन्यात दापोलीच्या घामट हवेत सात तास आरामात काढते. शर्टावर मारली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलर नाकाशी धरल्यावर अजून असते. तुझी कातडी वेगळी, तास-दीड तास इकडेतिकडे होईल.

नाव मात्र पूर्ण लिहून पाठव. नुसतं 'हवास आण' सांगितलंस तर पंचाईत होईल. हवास आइस, हवास ब्लॅक, हवास फायर, बायकांची हवास फॉर हर, अशी बाळंतपणं बरीच झालीत. आइस वाईट नाही, अजून गार आहे. पण पहिल्यांदा घेतोस तर मूळची घे.

गोड अजिबात नको असेल तर अफनान कंपनीची 'तुराथी ब्लू', ९० मिली. ही काटेकोर अर्थाने समुद्री नाही. पपनसाच्या भावंडाचा, ग्रेपफ्रूटचा कडवट रस आणि खाली अंबर-लाकूड. बुल्गारीच्या 'टायगर'वरून घेतलेली आहे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक. ऑफिसला हवासपेक्षा ही जास्त शोभते, असं माझं मत. तिसरी अरमाफची 'क्लब द नुई सियाज'. तिचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, थंड, जरा शाईसारखं, धातूसारखं. क्रीडच्या 'सिल्व्हर माउंटन वॉटर'च्या वळणावर गेलेली. मला आवडते, बायकोला नाही. त्याच घराची 'क्लब द नुई इंटेन्स मॅन' जास्त गाजलेली आहे म्हणून कोणी ती गळ्यात मारेल. ती अननस-लिंबू आणि धुराच्या घराण्यातली, पाण्याशी तिचं नातं नाही.

नकलेबद्दल तुझ्या मनात आलं असेल. दुबईतल्या बऱ्याच कंपन्या महागड्या वासांच्या वळणावर स्वस्त वास काढतात आणि आपल्या नावाने, आपल्या बाटलीत विकतात. ते लपवतही नाहीत. दुसऱ्याचंच नाव छापून बनावट बाटली विकणं ही वेगळी जात. देऱ्याच्या गल्ल्यांत "वॉच, परफ्यूम, बॅग" असं कानाशी कुजबुजणारे भेटतात, त्यांच्यामागे मावसभावाने जिना चढू नये. आणि आता तर हवासचीच बनावट निघते, एवढी तिला किंमत आली.

मावसभाऊ मोठ्या सुपरमार्केटमधून किंवा कंपनीच्या दुकानातून घेऊ दे. खोक्यावरचा बारकोड ६२९ने सुरू झालेला असावा, तो अमिरातीचा आकडा. बनावटवालाही तो छापू शकतो, म्हणून तेवढ्यावर जाऊ नये. खोक्याच्या आणि बाटलीच्या बुडाला जो बॅच नंबर असतो, ते दोन्ही जुळतात का पाहायचं. जुळत नसले तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्यायची. बिल ठेवायला सांग.

अजून एक, हे मी लोकांना विमानतळावर रडताना पाहून शिकलो. हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही. हवास १०० मिलीची आहे, पारदर्शक पिशवीत घालून जाईल. सियाज आहे १०५ मिलीची. पाच मिलीसाठी सुरक्षावाला ती कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि मावसभाऊ तुझ्यावर चिडतो. मोठ्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध ठेवायची.

मावसभावाचं येणं रद्द झालं तर इथेही मिळते, भाव तुझ्या बजेटच्या आसपास हलत असतो. इथे घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असलेला कागद चिकटवलेला पाहिजे. बाहेरून येणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांना तो कायद्याने लागतो. 'दुबईचा माल आहे, स्टिकर नसतं' असं दुकानदार म्हणाला तर हसून बाहेर पड.

खर्चाचा हिशेब घाल. एका फवाऱ्यात साधारण दशांश मिली जातं. म्हणजे १०० मिलीत हजारभर फवारे. रोज चार मारलेस तर अडीचशे दिवस. तीन हजार भागिले अडीचशे, बारा रुपये रोज. तुझ्या बाकड्यासमोरच्या टपरीवर एका कटिंगचे पैसे.

आणि चारच मार. आंघोळीनंतर अंग पुसल्यावर, कातडी जरा ओलसर असताना. कोरड्या अंगावर वास लवकर उडतो; थंडीत हात फुटत असतील तर आधी बिनवासाचं व्हॅसलिन बोटभर. दोन फवारे छातीवर, बनियनच्या आत. एक मानेच्या मागे. एक शर्टाच्या बाहीच्या आतल्या बाजूला. मनगटावर मनगट घासायची सवय सिनेमातून आलेली आहे, ती सोड. बाइकवर असतोस म्हणून उन्हात उघड्या राहणाऱ्या गळ्यावर, हातावर मारू नकोस. बर्गमॉटसारख्या तेलांवर ऊन पडलं की काहींच्या कातडीला काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत.

राहिलं तुझं "माझं मलाच येत नाही". हे नीट वाच, कारण यात तुझे पुढचे तीन हजार वाचू शकतात. नाकाला एकच वास सतत मिळाला की ते त्याची दखल घेणं बंद करतं. माझ्या दुकानात दिवसाला शंभर वास उडायचे आणि संध्याकाळी मला फक्त कॅफेटेरियातला पराठा कळायचा. कदाचित तुझी जुनी बाटलीही अकराला मेलेली नसते, तुझं नाक उठून गेलेलं असतं. एक दिवस सकाळी मार, आणि दुपारी एकला घरी जेवायला गेलास की आईला विचार, "वास येतोय का?" मित्राला विचारू नकोस, तो तुझं मन राखेल. आई म्हणाली "हो, आणि जरा कमी मारत जा", तर हवास आणूच नकोस, आहे तीच वापर. "नाही" म्हणाली, तर मावसभावाला फोन लाव.

प्रश्न : वडील अल्कोहोल असलेलं काही लावत नाहीत. त्यांना अत्तरातच पाण्यासारखा गार वास पाहिजे. बाजारात 'ब्लू', 'ओशन' अशा नावांची अत्तरं दिसतात. घ्यावीत का? – मालेगावहून एक मुलगी

उत्तर : ताई, ती निळी अत्तरं म्हणजे इंग्रजी परफ्यूमचाच अर्क, अल्कोहोलऐवजी तेलात घोळलेला. वाईट नसतात, पण पाण्याच्या वासाला वर उचलणारा जो झटका लागतो तो अल्कोहोल उडताना मिळतो. तेलात तोच वास कातडीला चिकटून बसतो आणि थोडा साबणासारखा लागतो. वडिलांच्या वयाला ते नको.

पाण्याचा वास आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. मिट्टी अत्तर मागा. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाणी घालून उकळतात, वाफ बांबूच्या नळीने भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात जाते, आणि भपक्यात चंदनाचं तेल वाट पाहत असतं. पहिल्या पावसाचा जो वास मृगात अंगणातून येतो तो त्या तेलात उतरतो. खऱ्या चंदनावर काढलेलं महाग असतं. स्वस्तात मिळालं तर खाली दुसरंच तेल आहे असं समजा. दुसरं, वाळा. खस म्हणून मिळेल. तुमच्या वडिलांनी लहानपणी माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी प्यायलं असेल, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. हिरवट, मातकट, गार. आणि चिवट एवढा, की रुमाल धुतला तरी राहतो.

तीन मिलीची बाटली पुरे. आखातात ऊदाचं तेल आजही तोळ्यावर विकतात. अरबी गिऱ्हाईक "रुबा तोला" मागायचं, म्हणजे पाव तोळा, तीनेक मिली. आपल्या सोनाराचा तोळा तिथल्या अत्तराच्या बाटलीत जाऊन बसलेला पाहून पहिल्यांदा मला फार बरं वाटलं होतं.

लावताना काचेच्या काडीने एक ठिपका कानामागे. पांढऱ्या कुर्त्यावर नको, तेलाचा डाग जात नाही.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. नवरा सकाळी बेडरूममध्ये दहा-बारा फवारे मारतो, दार लावून. माझं डोकं उठतं. सांगितलं तर म्हणतो, "मला तर येतच नाही." – डोंबिवली

उत्तर : वरचं पनवेलकराचं उत्तर त्यांना वाचायला द्या, शेवटून दुसऱ्या परिच्छेदापासून. नाही वाचलं तर बाटली बेडरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये ठेवा. जो माणूस शर्ट घालून, बूट चढवून, ८.१२ पकडायला निघालेला असतो, तो दोनच मारतो.

डोकं दुखणं मनाचं खूळ नाही. बंद खोलीत दहा फवारे म्हणजे मिलीभर अल्कोहोल आणि सुगंध हवेत, आणि तुम्ही त्यात झोपलेल्या. मी दुकानात असताना रमजानच्या गर्दीत दर तासाला मागच्या दाराने बाहेर येऊन उभा राहायचो.

प्रश्न : परफ्यूम फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त दिवस टिकतं का? मुलाने दुबईहून आणलेल्या दोन बाटल्या मी तीन वर्षं जपून ठेवल्यात, लग्नसमारंभालाच काढते. – कोल्हापूर

उत्तर : काकू, ऊन, उष्णता आणि सारखी बदलती हवा हे तीन वैरी. खिडकीतली काचेची मांडणी, बाथरूमचं कपाट आणि गाडीचा डॅशबोर्ड सोडून कुठेही ठेवा. खोक्यासकट लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, सगळ्यात उत्तम. मी स्वतः एकदा चांगली अर्धी बाटली मे महिनाभर गाडीत विसरलो. जूनमध्ये उघडली तर वर व्हिनेगरसारखा आंबट वास, खाली काहीच नाही.

फ्रिज चालेल, पण गरज नाही. आणि तुमच्या फ्रिजमध्ये तांबड्या रश्श्याचं पातेलं असणारच. खोकं त्या वासाने भरेल, मग मुलाला सांगावं लागेल.

तीन वर्षांत बिघडल्या नसतील. एक फवारा कागदावर मारून बघा, रंग गडद झालाय का पाहा. ठीक असतील तर समारंभाची वाट कशाला बघता, उद्या बाजारात जाताना लावा. मुलगा परत येईल तेव्हा अर्ध्या झालेल्या बाटल्या पाहून त्याला नवीन आणाव्याशा वाटतील. भरलेल्या पाहिल्या तर तो पुढच्या वेळी बदाम आणेल.